ऊन पाण्याचा आग्रह

बीजिंगहून शीआनकडे निघालेल्या रात्रीच्या आगगाडीत, ऑगस्ट सरत आला तरी अंगाची काहिली करणारा उकाडा कायम असताना, समोरच्या बाकावरच्या वयस्क गृहस्थांनी डब्याच्या टोकाशी असलेल्या बंबातून भरून आणलेला वाफाळत्या पाण्याचा पेला माझ्यापुढे धरला, तेव्हा हे सद्‌गृहस्थ माझी थट्टा तर करीत नाहीत ना, अशी शंका क्षणभर माझ्या मनाला चाटून गेली. पेल्यात चहाची पत्ती नव्हती, साखर नव्हती, आल्याचा तुकडाही नव्हता. होते ते निव्वळ उकळलेले पाणी. ‘श्ये-श्ये’, म्हणजे आभारी आहे, एवढे पुणे मुक्कामी घोकून आणलेले चिनी मी उच्चारले, पेला खिडकीच्या फळीवर ठेवला आणि पाणी निवण्याची वाट पाहत बसले. ते पुरते निवले असे ध्यानात येताच गृहस्थांनी पेला उचलला, पाणी ओतून दिले आणि पुन्हा कढत पाणी आणून माझ्या हातात दिले. त्या डब्यातल्या एकूण एक उतारूजवळ झाकणाची बाटली होती आणि तासातासाला उठून बंबाशी जाणे हा त्यांच्या प्रवासाचा नित्यनेम होता. माझ्या मुलखात गाडी फलाटाला लागली की माणसे गार पाण्याच्या नळाकडे धावतात. ह्या मुलखात गार पाण्याकडे, ते प्यायले की पोटात काहीतरी बिघडणारच अशा, विंचवाकडे पाहावे तशा नजरेने लोक पाहतात, हे मला त्या रात्री कळले.

पहाटे जाग आली तेव्हा खिडकीबाहेरची सारी सृष्टी पिवळी झाली होती. वाऱ्याने लक्षावधी वर्षे वाहून आणून थरावर थर रचलेली ती माती इतकी मऊ आणि तरीही इतकी सलग असते की तिचे कडे उभे कापले तरी सहसा ढासळत नाहीत, आणि त्या कड्यांच्या पोटात कमानीच्या दारांची घरे कोरून शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहेत. आमच्या सह्याद्रीच्या कातळात लेणी कोरली ती भिक्षूंसाठी. येथे लेण्यात चूल पेटते आणि लेण्याच्या दारात धुणे वाळत असते. पीत नदीला तिचा रंग आणि तिचे नाव मिळाले तेही ह्याच मातीपासून.

एका विद्यापीठात हिंदी शिकवण्याच्या नेमणुकीवर मी २०१४ साली तेथे रुजू झाले, तेव्हा माझे वय सव्वीस होते आणि परदेशगमनाचा हा पहिलाच प्रसंग होता. परक्या देशातून मुक्कामाला आलेल्या माणसाने २४ तासांच्या आत पोलीस ठाण्यात आपली नोंद करावी असा तेथील कायदा असल्यामुळे गाठोडे सोडण्यापूर्वीच मला कचेरीची पायरी चढावी लागली. सोबत आलेल्या कारकून मुलीने दाखल्यांची चळत अंमलदारापुढे मांडली. मी सही करण्यासाठी लेखणी सरसावून उभी राहिले. पण माझ्या सहीचे कुणाला फारसे अगत्य दिसेना. ज्याची सारे जण वाट पाहत होते तो मध्यभागी तारा असलेला तांबडा वाटोळा शिक्का कपाटातून निघाला, कागदावर दाबून उमटवला गेला, आणि तत्क्षणी सर्वांच्या चेहऱ्यांवर कार्य सिद्धीस गेल्याचे समाधान पसरले. माझे आजोळ वाईजवळ, मेणवलीच्या शेजारचे. नाना फडणवीसांच्या वाड्यातल्या दप्तराच्या गोष्टी ऐकत मी वाढले आहे. जुन्या मराठी पत्राच्या आरंभी शिक्का आणि मजकूर संपला तेथे मोर्तब, अशी रीत होती, आणि तो शब्द आपण अजून रोज वापरतो. परंतु शिक्कामोर्तब म्हणजे काय हे मी प्रत्यक्ष पाहिले ते शीआनच्या त्या पोलीस ठाण्यात.

परदेशी अध्यापकांसाठी राखलेली एक जुनी पाच मजली इमारत होती आणि तिच्या दाराशी, काचेच्या खिडकीमागच्या लहानशा खोलीत, ती इमारत जिच्या हुकमतीखाली होती ती बाई राहत असे. अशा बाईला तेथे ‘आयी’ म्हणतात. आयी म्हणजे मावशी किंवा काकू. परंतु माझ्या कानांना तो शब्द ऐकू यायचा तसाच आला, आणि एका सर्वस्वी अनोळखी बाईला उठता-बसता त्या नावाने हाक मारायची ह्या कल्पनेने पहिले चार दिवस माझी जीभ अडखळत राहिली. आयीची जीभ मात्र अडखळण्यातली नव्हती. तिने पहिल्याच भेटीत वय विचारले, पगार विचारला, लग्न झाले का विचारले, झाले नसल्यास का नाही ते विचारले, वडिलांची जमीन किती तेही विचारले. माझ्याबरोबरच्या एका युरोपीय अध्यापकाला ही चौकशी म्हणजे आपल्या खासगी आयुष्यावरचा दरोडा वाटे. मला सातारा-वाई एस. टी.च्या बाकावर बसल्यासारखे वाटले. जाबजबाब संपल्यावर तिने दोन मोठाले थर्मास माझ्या हातात दिले आणि बोटाने अंगणापलीकडची बंबाची खोली दाखवली, जेथे सकाळ-संध्याकाळ शेकडो विद्यार्थी रंगीबेरंगी थर्मास घेऊन रांगेत उभे असत. ह्या पाण्याच्या नादामागे वैद्यकाची जुनी धारणा आहे, आणि १९५२ साली सुरू झालेल्या देशव्यापी आरोग्य-मोहिमेने पाणी उकळून पिण्याचा जो धडा गावोगाव पोचवला त्याचाही वाटा आहे. परंतु आयीला त्याचे कारण विचारणे म्हणजे आपल्या आजीला देवापुढे दिवा का लावतेस असे विचारण्यापैकीच होते. सर्दी झाली, ऊन पाणी पी. पोट दुखते, ऊन पाणी पी. घरची आठवण येते, त्यावरही तेच.

माझ्या वर्गात अठरा मुलेमुली होती. सप्टेंबरच्या आरंभीचे काही आठवडे नव्या विद्यार्थ्यांना सैनिकी कवायत सक्तीची असल्यामुळे मला ती प्रथम दिसली ती हिरव्या-मातकट गणवेशात, उन्हाने रापलेली, मैदानावर एकसुरात पावलांचे अंक मोजणारी. त्यांतल्या बऱ्याच जणांनी हिंदी मागितलीच नव्हती. प्रवेशपरीक्षेच्या गुणांनुसार जागा वाटताना ती त्यांच्या वाट्याला आली होती. हे त्यांनी मला न लपवता सांगितले, आणि वाट्याला आलेली जमीन कसावी तशी ती भाषा चार वर्षे कसायची, अशा निमूट निश्चयाने ती पुस्तके उघडून बसली. खरी अडचण वर्णमालेच्या मृदू व्यंजनांत होती. चिनी कानाला प आणि फ यांतला भेद स्वच्छ ऐकू येतो, पण ब हा वर्ण त्या भाषेत नाही. ग आणि द यांचीही तीच गत. त्यामुळे ‘दाल’ची ‘ताल’ होई, आणि ‘हम गाना गाते हैं’ हे वाक्य अठरा कंठांतून एकदम ‘हम काना काते हैं’ असे उमटे. गळ्यावर बोट ठेवून ध्वनीचे कंपन जाणवू द्यावे, हा उपाय मी योजला, आणि पुढे कितीतरी दिवस ती मुले अंगणात, भोजनगृहात, बंबाच्या रांगेत आपापले गळे धरून ‘ग, ग, ग’ करीत हिंडताना दिसत.

त्यांना हसण्याचा अधिकार मला नव्हता. ‘माय’ हा माझ्या भाषेतला अत्यंत वत्सल शब्द तेथे सूर खाली नेऊन वर आणला तर विकत घेणे आणि ठसक्याने खाली आपटला तर विकणे असे दोन परस्परविरोधी अर्थ देतो. आणि भाजीवालीकडे वांगी घ्यायला गेलेली मी, हातात पैसे घेऊन, मी वांगी विकते आहे असे तिला कितीतरी वेळा सांगून चुकले आहे. ती बिचारी रिकाम्या पिशवीकडे आणि माझ्याकडे पाहून वांगी तोलून देई. वर्गात जी मी गुरू होते, ती फाटकाबाहेर पाऊल टाकताच निरक्षर होत असे. पाट्या वाचता येत नव्हत्या, बाटलीत तेल आहे की शिरका हे वासावरून ओळखावे लागे. म्हणूनच की काय, ‘लाओशी’, म्हणजे गुरुजी, म्हणून फाटकाच्या आत मिळणारा तो मान अंगाला सैल झालेल्या अंगरख्यासारखा वाटे. वर्गात कुणी प्रश्न विचारीत नसे; शंका असली तर तास संपल्यावर टेबलाशी ओळ लागे, कारण सर्वांदेखत शंका काढणे म्हणजे शिकवणाऱ्याच्या समजावण्यात उणेपणा काढणे. वर्गनायक मुलगी फळा पुसून ठेवी आणि टेबलावरचा माझा पेला ऊन पाण्याने भरून ठेवी. दुपारी जेवणानंतर सारे विद्यापीठ झोपे, अगदी निर्लज्जपणे, बाकांवर माना टाकून. वामकुक्षीची थट्टा सोसणाऱ्या पुण्याच्या व्यापाऱ्यांना ह्या नगरीत नागरी सत्कार मिळाला असता.

शीआनचा तट मिंग राजवटीच्या आरंभी, १३७०च्या दशकात बांधला गेला. सुमारे १४ किलोमीटरांचा त्याचा घेर अजून शाबूत आहे आणि वरची वाट इतकी रुंद आहे की तीवरून चार बैलगाड्या शेजारी शेजारी जाव्यात. मला मात्र तटापेक्षा तटाखालच्या संध्याकाळी अधिक आवडत. बाया ओळी धरून कर्ण्याच्या तालावर नाचत, म्हातारे पिंजऱ्यातली पाखरे झाडांना टांगून एकमेकांच्या पाखरांचे गुणदोष काढीत, आणि कुणी एक वृद्ध हातभर लांब कुंचला बालदीतल्या पाण्यात बुडवून फरसबंदीवर सुबक अक्षरे लिहीत जाई. ओळ संपेतो आरंभीची अक्षरे वाळून नाहीशी झालेली असत. मी एकदा, मोडक्या चिनीत, दुःख होत नाही का, असे विचारले. म्हाताऱ्याने मला कुंचला दिला. मी ‘वाई’ असे लिहिले. त्याने मान तिरपी करून ती दोन अक्षरे न्याहाळली, आणि आमच्या शिरोरेषेवर बोट ठेवून ती सरळ आली नसल्याचे दाखवून दिले.

खाण्याविषयी लिहायचे तर लेखणी आवरणे कठीण आहे. चीनचे जेवण म्हणजे भात, ही माझी समजूत त्या गव्हाच्या मुलखाने पहिल्याच दिवशी मोडीत काढली. पट्ट्यासारख्या रुंद ओल्या शेवया वाडग्यात घालून त्यांवर तिखटाची पूड, लसूण आणि कांद्याची पात ठेवतात, आणि धूर येईतो तापवलेले तेल वरून ओततात. तो चर्र आवाज आणि नाकात शिरणारा तो ठसका यांनी माझ्या डोळ्यांत पाणी आले ते केवळ तिखटाने नव्हे. फोडणी ती हीच. आपण ती खाली घालतो आणि हे लोक वरून, एवढाच काय तो फरक. ह्या शेवयांना जे नाव आहे त्याचे अक्षर पन्नासाहून अधिक रेघांचे असून रोजच्या कोशांत ते सापडत नाही. शेवया संपल्या की ज्या पाण्यात त्या उकडल्या तेच पाणी वाडगाभर आणून देतात, फुकट. आमच्या कोकणातल्या माणसाने त्याला पेज म्हटले असते.

परंतु मी जिंकले ती मुसलमान मोहल्ल्यातल्या मटणाच्या खाणावळीत. तेथे गिऱ्हाइकापुढे रिकामा वाडगा आणि दोन कडक, अर्धकच्च्या भाकऱ्या ठेवतात. त्यांचे आपल्या हातांनी हरभऱ्याएवढे तुकडे करायचे, मग वाडगा आत जातो आणि रश्शात शिजून परत येतो. तुकडे मोठे असले की आचारी ओळखतो की गिऱ्हाईक नवखे आहे, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते दिसते. माझे विद्यार्थी मला शिकवायला सरसावले होते. पण रश्शात भाकरी कुस्करण्याची विद्या सातारा जिल्ह्यातल्या मुलीला परक्याने शिकवावी लागत नाही. पाऊण तास खपून मी असा बारीक काला केला की पांढऱ्या टोपीचा तो म्हातारा आचारी आतून बाहेर आला, वाडग्यात डोकावला, आणि हिला साखरेत मुरवलेल्या लसणाची वाटी जादा द्या, असे पोऱ्याला म्हणाला. पैसे देण्याच्या वेळी विद्यार्थ्यांत जी झोंबाझोंबी झाली ती मला ओळखीची होती. आमच्याकडे लग्नाच्या बस्त्याच्या दिवशी दोन साडू असेच भांडतात.

ह्या शहराशी महाराष्ट्राचा एक जुना ऋणानुबंध आहे. चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग भारतातून परतला तो येथे, ६४५ साली, आणि त्याने आणलेले ग्रंथ ठेवण्यासाठी ६५२ साली बांधलेला विटांचा मनोरा दक्षिणेच्या अंगाला उभा आहे. चालुक्यराजा पुलकेशीच्या अमदानीत तो आमच्या देशातून गेला होता आणि आमच्या पूर्वजांचा स्वभाव त्याने टिपून ठेवला आहे: उपकार न विसरणारे, अपमानाचा सूड घेणारे, अडचणीत कुणी हाक मारली तर स्वतःचे भान विसरून धावणारे. मनोऱ्याच्या पायथ्याशी विद्यार्थ्यांना मी हे मोठ्या अभिमानाने सांगितले. महाराष्ट्राचे नाव निघाल्यावर चीनमध्ये रुग्णसेवा केलेल्या सोलापूरच्या डॉक्टर कोटणीसांचे नाव कुणीतरी काढील असे मी धरून चालले होते. परंतु तेथला पहारेकरी, मी भारतीय असे कळताच, छातीवर हात ठेवून ‘आवारा’चे शीर्षकगीत गुणगुणू लागला. अठराही मुले टाळ्या वाजवू लागली आणि आता लाओशींनी नाचावे असा आग्रह सुरू झाला. भारतीय माणसाला नाच येतोच, ह्या श्रद्धेपुढे सातव्या शतकातला साक्षीदार निष्प्रभ ठरला.

आयीचा आणि माझा बेबनाव झाला तो ‘श्ये-श्ये’ ह्या शब्दावरून. ती पत्र वर आणून देई, मी आभार मानी. ती पावसात माझे कपडे दोरीवरून काढून ठेवी, मी आभार मानी. ती प्रत्येक वेळी ‘पू-खछी’ म्हणे. पुस्तकात त्याचा अर्थ ‘त्यात काय एवढे’ असा दिला असला तरी शब्दशः त्याचा अर्थ पाहुण्यासारखी वागू नकोस असा आहे. ऑक्टोबरच्या शेवटी एके सायंकाळी तिने डाळिंबे दिली, मी तोच शब्द उच्चारला, आणि ती एकदम उखडली. तुला मी परकी वाटते काय, असे काहीसे ती बोलली आणि खिडकी लावून घेतली. मी जिन्यात उभी राहून विचार करीत होते. माझ्या घरात आईने ताट वाढले म्हणून मी कधी धन्यवाद म्हटले होते? म्हटले असते तर आजीने कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिले असते. आभार हे आमच्याकडे सभेच्या शेवटी, चिटणिसाने मानायचे असतात. मग हा शब्द माझ्या तोंडात बसला कोठून? परदेश म्हटला की इंग्रजी रीतभात, ही शाळेत भिनलेली समजूत मी सामानाबरोबर बांधून आणली होती. आणि आजीचे वळण, जे ह्या गल्लीत पहिल्या दिवसापासून चालले असते, ते मी घरी ठेवून आले होते. ह्युएनत्संगाने आम्ही उपकार स्मरतो असे लिहिले आहे. तोंडाने बोलून दाखवतो असे नाही.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीशी जाऊन डाळिंब आंबट निघाल्याची तक्रार केली. आयी प्रसन्न झाली.

१५ नोव्हेंबरला साऱ्या शहराच्या नळ्यांत उष्ण पाणी सुटले आणि भिंतीतले लोखंडी बंब तापू लागले. छिनलिंग पर्वताच्या दक्षिणेकडे ही सोय नाही. तिकडचे विद्यार्थी सांगत की घरी आम्ही रजया पांघरून जेवतो. आयीची देखरेख आता आणखी कडक झाली. बाहेर पडताना ती मला थांबवी, वाकून गुडघ्यापाशी विजारीचे कापड चिमटीत धरून पाही, आणि आत दुसरी लोकरी विजार नाही असे आढळले तर सरळ वर परत पाठवी. एकदा संस्थेचे वरिष्ठ अधिकारी माझ्यासोबत असताना तिने हा झाडा घेतला. अधिकाऱ्यांनी काहीच पाहिले नाही असे दाखवले. नंतर जिन्यात हळूच मला म्हणाले, माझ्या आईनेही आज सकाळी हेच केले.

वर्षातला सर्वांत छोटा दिवस, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर येणारा, तेथे ‘तुंग-च’ म्हणून पाळतात. त्या दिवशी मोदकवजा उकडलेले कणकेचे ‘च्याउत्झ’ खाल्ले नाहीत तर थंडीने कान गळून पडतात, असे लहान मुलांना सांगतात. हान काळातल्या एका वैद्याने कान गारठलेल्या गरिबांसाठी कानाच्या आकाराची ही औषधी खाऊ घातली अशी आख्यायिका आहे. आमची संक्रांत मुळात हाच सण; मात्र आमचे पंचांग नक्षत्रांना धरून चालल्यामुळे ती शतकांगणिक पुढे सरकत १४ जानेवारीला पोचली, आणि हे लोक सूर्याला धरून राहिले. थंडीत तीळ-गूळ, थंडीत मटण-गाजराचे सारण; हेतू एकच.

आयीने मला काचेमागच्या त्या खोलीत बोलावले. आत तिचा नवरा होता, शाळकरी नात होती, घडीचे टेबल आणि शेगडीवर मोठे पातेले होते. ‘बस, याथोउ,’ ती म्हणाली. याथोउ म्हणजे पोरी. आजवर तिने मला लाओशीच म्हटले होते. मी पारी हातात घेतली, सारण भरले आणि बोटे आपोआप चालू लागली. कडेला करंजीची मुरड पडली. आयीने ती उचलून नवऱ्याला दाखवली, नवऱ्याने नातीला दाखवली, आणि अशी मुरड घालणारी मुलगी अडाणी असू शकत नाही असा बहुधा निकाल झाला, कारण उरलेल्या साऱ्या पाऱ्या माझ्यापुढे सरकवण्यात आल्या.

जेवायला बसलो तेव्हा आयीने आपल्या काड्यांनी, ज्या तिने नुकत्याच तोंडातून काढल्या होत्या, एक च्याउत्झ उचलून माझ्या वाडग्यात ठेवला. आणि माझा हात थबकला. पगाराचे प्रश्न, फोडणी, बिलाची भांडणे, सगळे माझ्या घरचे निघाले होते, हे नव्हते. उष्टे-खरकटे हा शब्द चिनीत कसा सांगायचा मला ठाऊक नाही. आमच्या घरात पाण्याचा गडूसुद्धा ओठांना न लावता वरून प्यायचा असतो. एका ताटात जेवायचे ते नव्या नवरानवरीने, तेही कौतुकापुरते, नाहीतर आईच्या मांडीवरच्या लेकराने. नात माझ्याकडे टक लावून पाहत होती. मी तो खाल्ला. मग वाडग्यातला माझ्या मुरडीचा एक, थोडा फाटलेला, माझ्या काड्यांनी, ज्या आता माझ्या तोंडच्या होत्या, उचलला आणि आयीच्या वाडग्यात ठेवला.

तिने मान वर केली नाही. शिरक्यात बुडवून तो खाल्ला, कड जाड राहिली आहे असे म्हणाली, आणि ज्या पाण्यात च्याउत्झ उकडले होते त्याचा वाफाळता वाडगा माझ्याकडे ढकलला.

‘पी आधी. निवतंय ते.’